बेडसोर नेमके कुठे कुठे होतात : ज्यांच्या घरी झोपून असलेला पेशंट आहे त्यांचे नेहमीचे प्रश्न

माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि त्यानंतर ती जवळजवळ चौदा महिने पलंगावर होती. तिची पाठ आम्ही रोज बघायचो, न चुकता, आणि जखम झाली ती टाचेला, कारण थंडीचे दिवस होते, पायात लोकरीचे मोजे होते आणि मोजे काढून कोणी बघितलंच नाही. तेव्हापासून ओळखीत कोणाकडे पेशंट झोपून आहे म्हटलं की मला फोन येतो, प्रश्न साधारण तेच तेच असतात, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही. जखम झाली असेल तर डॉक्टरांनाच दाखवायची. पण जखम कुठे होऊ शकते हे माहीत असणं आणि तिथे रोज बघणं हे घरातल्या माणसाचंच काम आहे, डॉक्टर काय आठवड्यातून एकदा येणार.

बेडसोर म्हणजे घासून झालेली जखम का?

घासणं हे एक कारण आहे पण मुख्य कारण दाब. खाली गादी, वर हाड, आणि मधे कातडी आणि मांस चेंगरतं. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि त्या भागाला रक्तच पोचत नाही. या बारीक नळ्यांमधला दाब खूप कमी असतो, पुस्तकांत ३२ मिलिमीटर पारा हा आकडा देतात, आपलं बीपी १२० असतं त्याच्याशी तुलना करून बघा म्हणजे कळेल की त्या बंद पडायला फार जोर लागत नाही. धडधाकट माणूस झोपेतसुद्धा नकळत कूस बदलतो, जरा मुंग्या आल्या की पाय हलवतो. ज्याला हलता येत नाही किंवा मुंग्या आलेल्या कळतच नाहीत, त्याचा तोच भाग तासन् तास दबून राहतो. अशक्त पेशंटला दोन-तीन तासांतसुद्धा नुकसान सुरू होऊ शकतं.

मराठीत शय्याव्रण म्हणतात. इंग्रजीतलं जुनं नाव प्रेशर अल्सर म्हणजे दाबाचा व्रण असं होतं, २०१६ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने ते बदलून प्रेशर इंज्युरी म्हणजे दाबाने झालेली इजा असं केलं, कारण कातडी फाटलेली नसतानाही आत इजा झालेली असू शकते. हे नाव मला जास्त पटतं. जखम दिसायला लागली म्हणजे सुरुवात झाली असं नसतं, सुरुवात आधीच झालेली असते.

सगळ्यात जास्त कुठे होतात?

पहिला नंबर कमरेच्या खाली, माकडहाड आणि त्याच्या वरचं सपाट हाड, दोन कुल्ल्यांची फट सुरू होते त्याच्या जरा वरची जागा. दुसरा नंबर टाचा. त्यानंतर खुब्याचं बाहेरचं हाड, बसायची हाडं आणि घोटे.

पण यादी पाठ करण्यापेक्षा एक सोपी गोष्ट लक्षात ठेवा. स्वतःच्या अंगावरून हात फिरवा, जिथे कातडीच्या खाली लगेच हाड लागतं, मधे मांसाची गादी नाही, ती प्रत्येक जागा धोक्याची. आणि पेशंट कसा झोपतो किंवा बसतो त्याप्रमाणे या जागा बदलतात. उताणा झोपणाऱ्याची यादी वेगळी, कुशीवर झोपणाऱ्याची वेगळी, खुर्चीवर बसणाऱ्याची अजून वेगळी.

उताणं झोपलेल्या पेशंटचं कुठे कुठे बघायचं?

वरून खाली या म्हणजे काही सुटत नाही. डोक्याची मागची बाजू, केस बाजूला करून, कारण केसांत लपलेली जखम महिनाभर कळत नाही, मग उशीला डाग दिसतो तेव्हा कळते. मग दोन्ही खांद्यांची पाती. मग पाठीचा कणा, विशेषतः ज्यांना पोक आहे त्यांच्या मणक्यांची टोकं गादीत रुततात, अशा म्हाताऱ्या माणसांना पाठीच्या मधोमध एका ओळीत लाल ठिपके दिसतात. मग कोपरं, कारण उठायचा प्रयत्न करताना पेशंट कोपरावरच जोर देतो. मग कंबरेखालचं हाड आणि माकडहाड, मग टाचा. आणि पांघरूण जड असेल तर पायाच्या बोटांची टोकंसुद्धा बघा, जाड गोधडी घट्ट खोचून ठेवली की बोटांवर सतत दाब येतो.

आमच्या बाबांना एकाच कुशीवर झोपायची सवय आहे, त्यांना कुठे धोका?

ही अगदी नेहमीची गोष्ट. दार किंवा टीव्ही ज्या बाजूला असेल त्या बाजूला माणूस तोंड करून झोपतो, आणि पॅरालिसिस असेल तर चांगली बाजू एकच असते. खालच्या बाजूचा कान, खांदा, बरगड्या, खुब्याचं बाहेरचं हाड, गुडघ्याची बाहेरची बाजू, बाहेरचा घोटा आणि पाऊल जिथे गादीला टेकतं ती कड, एवढं सगळं बघायचं. शिवाय गुडघ्यावर गुडघा आणि घोट्यावर घोटा असेल तर आतल्या बाजूलाही, म्हणून दोन्ही पायांच्या मधे उशी लागतेच लागते, मांडीपासून घोट्यापर्यंत जाईल अशी लांब.

कानाचं कोणाच्या लक्षात येत नाही. कानाच्या वरच्या कडेला कातडी आणि कूर्चा म्हणजे लवचीक मऊ हाड एवढंच असतं, चरबी नावालाही नसते. आमच्या शेजारच्या काकांचा कान असाच काळसर पडला होता, घरच्यांना वाटलं तेलकट मळ आहे, ओल्या कपड्याने पुसत राहिले दोन दिवस. फार मऊ उशी घेतली तरी कान दुमडतो, तर दर वेळी वळवल्यावर हात घालून कान सरळ आहे का बघायचं, एक सेकंदाचं काम आहे.

आणि पूर्ण आडवं म्हणजे काटकोनात कुशीवर ठेवू नका. तसं ठेवलं की सगळा भार खुब्याच्या त्या एका हाडावर येतो. साधारण ३० अंशाचा कल पुरे. पाठीमागे एक उशी तिरपी सरकवायची, पेशंट तिच्यावर रेलतो, म्हणजे धड उताणा नाही धड कुशीवर नाही. मग आपला तळहात माकडहाडाखाली सरकवून बघायचा, हात सहज आतबाहेर गेला तर ते हाड मोकळं आहे, अडकला तर उशी अजून जरा आत सरकवा.

व्हीलचेअरवर किंवा खुर्चीत बसतात, मग बेडसोर कसा होईल?

होतो, आणि झपाट्याने होतो. झोपल्यावर भार अख्ख्या अंगावर पसरतो, बसल्यावर जवळजवळ सगळा भार दोन बसायच्या हाडांवर. कडक पाटावर बसून मागेपुढे झालात की जी दोन हाडं टोचतात तीच ती. घसरून पोक काढून बसलं की भार माकडहाडावर जातो. शिवाय पाठ टेकते तिथे खांद्याची पाती, हातांवर टेकतात ती कोपरं, खुर्चीच्या कडेला लागणारी मांडीची आणि गुडघ्याची मागची बाजू, आणि फुटरेस्टवरच्या टाचा.

मणक्याला मार लागलेले तरुण असतात त्यांना तर खालचं काही जाणवतच नाही. त्यांनी दर पंधरा मिनिटांनी ते अर्ध्या तासाने हातांवर जोर देऊन वर उचलायचं किंवा पुढे वाकायचं, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे कलायचं आणि तसं एक-दोन मिनिटं राहायचं, कारण दोन सेकंद उचलून परत बसलं तर रक्त परत यायला वेळच मिळत नाही. फोनवर गजर लावा. कमोड चेअरवर बसवून विसरू नका, त्या भोकाच्या कडेचा वळ उठतो. बेडपॅनचंही तेच, पेशंटला बेडपॅनवर ठेवून दुधाला उकळी आणायला गेलं आणि वीस मिनिटं झाली असं होतं, मी स्वतः केलंय.

पाठ ठीक आहे मग टाचेचं एवढं काय?

टाच म्हणजे एक गोल हाड, त्यावर कातडी आणि थोडी चरबी, आणि पायाचा मागचा सगळा भार त्या छोट्याशा गोळ्यावर. त्यात शुगर असेल किंवा पायातल्या रक्तवाहिन्या आखडलेल्या असतील तर आधीच रक्त कमी पोचतं, आणि शुगरच्या पेशंटला पायाची जाणीवही कमी झालेली असते, त्यामुळे तो दुखतंय म्हणतच नाही.

आईचं असं झालं. डिसेंबरमध्ये मोजे घातले, रोज बदलायचो पण पटकन, एक काढला की दुसरा चढवला. एक दिवस मोजा काढताना टाचेला जरा चिकटला. वाकून मोबाईलचा टॉर्च लावला तर टाचेच्या मागे जांभळट रंगाचा, आत पाणी धरलेला फोड, आठ आण्याच्या नाण्याएवढा. तो भरायला चार महिने लागले. पाठीची जखम झाली असती तर लगेच दिसली असती, कारण पाठीकडे सगळ्यांचंच लक्ष असतं.

टाच हवेत ठेवायची. पोटरीखाली लांब उशी, गुडघा अगदी किंचित वाकलेला, आणि टाच उशीच्या कडेच्या बाहेर लोंबती. टाच आणि गादीमधून कागद आरपार गेला पाहिजे. उशी पायाच्या मागच्या जाड शिरेखाली म्हणजे घोट्याच्या वर जिथे दोरीसारखं लागतं तिथे ठेवू नका, पूर्ण पोटरीला आधार द्या.

पाणी भरलेले ग्लोव्हज टाचेखाली ठेवतात ते चालतं का?

आपल्याकडे हे खूप दिसतं, अगदी हॉस्पिटलमध्येसुद्धा, आणि करणारा काळजीपोटीच करतो. पण आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये पाण्याचे ग्लोव्हज, सलाईनच्या बाटल्या आणि मधे भोक असलेली रिंग हे तिन्ही वापरू नका असं आहे. ग्लोव्ह छोटा असतो, भार त्याच छोट्या जागेवर राहतो. रिंगमध्ये तर मधला भाग मोकळा आणि भोवतालच्या कडेवर गोल दाब, त्यामुळे आतल्या भागाचं रक्तच अडतं आणि सूज येते. माकडहाडासाठी म्हणून मेडिकलमधून हवा भरायची रिंग आणली असेल तर ती ठेवून द्या.

नळ्या, मास्क, प्लास्टर यांनीही होतं का?

हो, आणि हे हाडावरच होतं असं नाही, जिथे वस्तू टेकते तिथे होतं. ऑक्सिजनची नळी कानामागून जाते तिथे खाच पडते, दोन दिवसांत कातडी चिरते. बायपॅपचा, म्हणजे श्वासाला मदत करणाऱ्या मशीनचा, मास्क नाकाच्या हाडावर. नाकातून पोटात घातलेली फीडची नळी म्हणजे रायल्स ट्यूब नाकपुडीच्या कडेला, कायम एकाच बाजूला चिकटवलेली असेल तर. लघवीची नळी मांडीखाली दबली तर मांडीवर तिचा छाप उठतो, आणि मूत्रमार्गाच्या तोंडाशीही ताण येऊन चिरतं, म्हणून नळी मांडीवर चिकटपट्टीने सैल अडकवायची. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर तासन् तास एकाच बोटाला ठेवू नका. गळ्याचा पट्टा असेल तर हनुवटी आणि डोक्याची मागची बाजू बघा. प्लास्टरच्या आत बघता येत नाही, पण पेशंट एकाच जागी जळजळ किंवा दुखतंय म्हणत असेल, वास येत असेल किंवा प्लास्टरवर ओल उमटली असेल तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

कवळी घट्ट असेल तर हिरड्यांनाही होतं. आणि पॅरालिसिसमध्ये मूठ आवळलेली राहते त्यात नखं तळहातात रुततात, मूठ उघडून बघा, आत कापडाची छोटी वळकटी ठेवा.

पालथं झोपवलं तर?

२०२०-२१ मध्ये कोविडच्या काळात हे सगळ्यांना माहीत झालं, ऑक्सिजन वाढावा म्हणून पेशंटला पालथं ठेवायचे. तेव्हा कपाळ, गाल, हनुवटी, खांद्याची पुढची बाजू, बायकांची छाती, पुरुषांचे गुप्तांग, कंबरेची पुढची दोन हाडं, गुडघे आणि पायाची बोटं या जागा दबतात. घरी सहसा अशी वेळ येत नाही.

लहान बाळांनाही होतं का?

होतं. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड, त्यामुळे आजारी बाळात डोक्याची मागची बाजू ही सगळ्यात धोक्याची जागा. आणि काचेच्या पेटीत श्वासाचं मशीन लावलेलं असेल तर नाक. घरी खेळणाऱ्या, हातपाय मारणाऱ्या बाळाची चिंता करू नका.

लाल झालंय, हा बेडसोर आहे की नुसतं दबून लाल झालंय?

बोटाने दाबून बघा. तीन-चार सेकंद दाबून सोडा. दाबल्यावर पांढरट पडलं आणि सोडल्यावर परत लाल झालं तर रक्त अजून वाहतंय, तो भाग मोकळा ठेवा आणि अर्ध्या तासाने परत बघा. दाबूनही लालच राहिलं तर ती पहिली पायरी, म्हणजे इजा झालेली आहे. त्या जागेवर पेशंटला परत झोपवायचं नाही, जागा पूर्ण बरी होईपर्यंत.

आता मुख्य अडचण. ही लाली गोऱ्या कातडीवर दिसते, आपल्याकडे सावळ्या माणसाच्या अंगावर लाल असं काही दिसतच नाही. तिथे रंग जांभळट, निळसर किंवा आजूबाजूपेक्षा गडद दिसतो, कधी कधी रंग बदलतच नाही. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, हाताची मागची बाजू लावून बघा, ती जागा शेजारच्या कातडीपेक्षा गरम लागते का किंवा उलट गार, टणक लागते का पिकल्या फळासारखी पिलपिलीत, पेशंट तिथे हात लावला की कण्हतो का. दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबलाईटमध्ये जांभळा रंग हमखास फसवतो.

पायऱ्या म्हणजे स्टेज कशा ओळखायच्या?

पहिली, कातडी सलग पण रंग जात नाही. दुसरी, वरची साल गेलेली किंवा फोड आलेला, आत गुलाबी ओलसर. तिसरी, खोल खड्डा, आत पिवळी चरबी. चौथी, स्नायू किंवा हाडापर्यंत. वर काळी खपली किंवा पिवळा थर असेल तर खोली कळत नाही, तो वेगळा प्रकार धरतात. आणि एक असतो, कातडी सलग पण जांभळी-काळसर, म्हणजे आत खोलवर नुकसान झालंय.

हा शेवटचा प्रकार नीट समजून घ्या कारण त्यावरून घरात आणि हॉस्पिटलमध्ये भांडणं होतात. दाब पडल्यानंतर तो वर दिसायला साधारण ४८ ते ७२ तास लागू शकतात. पेशंट लांबच्या ऑपरेशनमध्ये टेबलवर सरळ पडून होता, किंवा घरात पडला आणि कोणी येईपर्यंत सहा तास फरशीवर तसाच होता, तर डाग दोन-तीन दिवसांनी उठतो. आईला डिस्चार्ज देताना पाठ कोणीच दाखवली नाही, आम्हीही विचारलं नाही, आणि घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी माकडहाडावर जांभळा पट्टा दिसला, तेव्हा घरच्यांना वाटलं की रात्री मी नीट वळवलं नाही. नशिबाने तो पुढे चिघळला नाही. घरी आणताना हॉस्पिटलमधूनच सिस्टरसमोर पाठ, खुबे आणि टाचा बघून घ्या, फोटो काढून ठेवा. दोषासाठी नाही, पुढे वाढतंय का कमी होतंय हे कळण्यासाठी.

डायपरमुळे लाल होतं ते आणि बेडसोर एकच का?

नाही, आणि जागेवरूनच ओळखता येतं. जांघेत, कुल्ल्यांच्या फटीत, दोन्ही बाजूला पसरलेली, कडा अस्पष्ट असलेली लाली म्हणजे बहुतेक लघवी-संडासच्या ओलीमुळे. हाडाच्या बरोबर वर, एका जागी, गोलसर आणि कडा स्पष्ट असेल तर दाबामुळे. पण ओलसर कातडी मऊ पडते आणि मग दाबाने लवकर फाटते, म्हणून दोन्ही एकत्र सापडतात. डायपर भरला की लगेच बदला, साध्या पाण्याने पुसा, घासू नका, टिपून कोरडं करा आणि झिंकचं मलम पातळ लावा. एकावर एक दोन डायपर आणि खाली मेणकापड आणि त्यावर जाड चादर असं करू नका, हवाही जात नाही आणि एअर मॅट्रेसचा म्हणजे पंपाने हवा भरणाऱ्या गादीचा उपयोगही जातो.

दर दोन तासांनी वळवायचं म्हणजे रात्रीसुद्धा?

हो, सुरुवातीला तरी. ही शिस्त जगाला दिली ती इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटलच्या डॉ. लुडविग गुटमान यांनी, १९४४ मध्ये मणक्याला गोळी लागलेल्या सैनिकांसाठी त्यांनी वॉर्ड सुरू केला तेव्हा. त्याआधी असे सैनिक जखमा चिघळून आणि लघवीच्या इन्फेक्शनने थोड्याच काळात मरायचे आणि ते तसंच होणार असं डॉक्टरही धरून चालायचे. गुटमान यांनी दिवसरात्र दर दोन तासांनी वळवायला लावलं. पुढे त्याच वॉर्डच्या खेळांतून पॅरालिम्पिक उभं राहिलं.

आता तास माणूस बघून ठरवतात, गादी चांगली असेल आणि पेशंट थोडाफार हलत असेल तर डॉक्टर तीन-चार तासही सांगतात, पण ते त्यांनी सांगायचं, आपण आपल्या मनाने वाढवायचं नाही. आम्ही भिंतीवर कागद चिकटवला होता, डावी, उताणी, उजवी असे रकाने आणि जो वळवेल त्याने वेळ लिहायची, नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने वळवलं असेल.

वळवताना ओढायचं नाही, उचलायचं. ओढलं की वरची कातडी गादीला चिकटून राहते आणि आतलं हाड सरकतं, मधल्या रक्तवाहिन्या ताणून तुटतात. कंबरेखाली आडवी दुमडलेली चादर कायम ठेवा, दोघांनी दोन बाजूंनी ती धरून उचललं की पेशंट अलगद सरकतो. डोकं उंच करून ठेवलं तरी हेच होतं, पेशंट हळूहळू खाली घसरतो आणि माकडहाडावर ताण येतो. शक्यतो ३० अंशाच्या वर नको. पण नळीने फीड देत असाल तर डोकं वर लागतंच, नाहीतर ठसका लागून फीड फुप्फुसात जातं. अशा वेळी आधी गुडघ्याखालची बाजू वर करा, मग डोकं, आणि फीडनंतर डॉक्टरांनी सांगितलेला वेळ झाला की डोकं परत खाली घ्या.

एअर मॅट्रेस घेतली, आता वळवायची गरज नाही ना?

आहे. मॅट्रेस दाब कमी करते, संपवत नाही, आणि टाच तर ती वाचवतच नाही. मॅट्रेसखाली, माकडहाडाच्या खाली येईल अशा जागी तळहात घालून बघा, पेशंटचं हाड हाताला जाणवलं तर हवा कमी आहे. लाईट गेली की हवा उतरते, पंपाचा आवाज बंद झाला तर लगेच कळेल असं कोणीतरी खोलीत हवं. वर एकच सुती चादर, सुरकुती नसलेली. चादरीवरचे चपातीचे कण, गाऊनची बटणं, सेफ्टी पिन, जपमाळ, हे सगळं रुततं.

तेल लावून चोळलं तर रक्त फिरेल ना? स्पिरिट-पावडर?

लाल झालेल्या हाडावर चोळू नका. तिथल्या रक्तवाहिन्या आधीच दुखावलेल्या आहेत, चोळल्याने आत जास्त फाटतं. हात-पाय-पाठीच्या चांगल्या कातडीला हलक्या हाताने खोबरेल लावलं तर कोरडेपणा जातो, ते चांगलंच. स्पिरिट आणि पावडर ही जुनी पद्धत, अजूनही बऱ्याच मावशी करतात. स्पिरिटने कातडी कोरडी पडून चिरते आणि पावडर घामात गोळे होऊन खड्यासारखी टोचते. हळद, चुना, जखमेत हायड्रोजन पेरॉक्साईड ओतणं, गरम पाण्याची पिशवी, हेअर ड्रायर, यातलं काही नको. उघड्या जखमेवर काय लावायचं ते डॉक्टर ठरवतील. टाचेवर कोरडी घट्ट काळी खपली असेल तर ती स्वतः काढू नका, खाली ओल किंवा पू नसेल तर डॉक्टरही बहुतेकदा ती तशीच ठेवतात.

कोणाला जास्त धोका हे आधी कळतं का?

हॉस्पिटलमध्ये ब्रेडन स्केल वापरतात, १९८७ मध्ये छापून आलेलं, त्यात जाणीव, ओल, चालणं-फिरणं, अंग हलवता येणं, खाणं आणि घासणं-सरकणं असे सहा भाग, एकूण २३ पैकी मार्क, आणि १८ किंवा कमी म्हणजे धोका. मार्क जितके कमी तितका धोका जास्त. घरी एवढं मोजायची गरज नाही, हेच सहा प्रश्न स्वतःला विचारा. बारीक माणसाची हाडं वर येतात म्हणून धोका, आणि जाड माणसाला होत नाही असं समजू नका, त्यांच्या पोटाच्या, छातीखालच्या घड्यांमध्ये आणि त्यात अडकलेल्या नळ्यांखाली होतं.

जेवणाने फरक पडतो?

खूप. कातडी भरायला प्रोटीन लागतं, जखम असलेल्या किंवा धोका असलेल्या पेशंटला दिवसाला किलोमागे साधारण सव्वा ते दीड ग्रॅम सांगतात, म्हणजे ५० किलोच्या माणसाला साधारण ६२ ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम असतं, तर हिशोब करा, नुसत्या पेजेवर आणि चहा-बिस्किटावर हे होणार नाही. घट्ट वरण, अंडं, दही, पनीर, मासे, जे पचेल ते थोडं थोडं. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

डॉक्टरकडे लगेच कधी?

ताप, थंडी वाजणं, जखमेला वास, पू, आजूबाजूची लाली पसरत जाणं, जखमेत हाड दिसणं, किंवा पेशंट अचानक गुंगीत जाणं, असंबद्ध बोलणं. इन्फेक्शन रक्तात पसरू शकतं आणि त्यात जीव जातो, उद्यावर ढकलू नका.

रोज हे सगळं बघायला वेळ कुठून आणायचा?

वेगळा वेळ लागत नाही. सकाळी अंग पुसताना एकदा आणि रात्री डायपर बदलताना एकदा, आणि दर वेळी वळवल्यावर ज्या बाजूवरून उठवलं ती बाजू. डोक्यापासून सुरू करून टाचेपर्यंत, रोज त्याच क्रमाने. मोजे, पट्टा, क्रेप बँडेज, काढता येतं ते सगळं काढून. बघणाऱ्या बाईला, मावशीला फक्त बघा म्हणू नका, दोन वेळा स्वतः सोबत उभं राहून दाखवा.

जखम भरली, आता तिथे झोपवलं तर चालेल?

हळूहळू. भरलेली कातडी दिसायला पूर्ण वाटली तरी व्रणाच्या जागेची ताकद पहिल्यासारखी कधीच होत नाही, फार तर ८० टक्क्यांपर्यंत जाते, आणि तेही बऱ्याच महिन्यांनी. सुरुवातीला पंधरा मिनिटं, मग बघा, लाली राहत नसेल तर थोडं वाढवा. तीच जागा परत फाटायची शक्यता सगळ्यात जास्त असते. आई आता वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत येते, तिच्या टाचेवर तेवढाच गुळगुळीत फिकट डाग राहिलाय, चपलेचा मागचा पट्टा आम्ही कापून टाकलाय, आणि रात्री झोपताना पोटरीखालची उशी ती आता स्वतःच मागून घेते.